गुंडुलाच्या पायाचं माप

आउसरलानमध्ये पोराचं नाव पाद्री ठेवतो, पण त्याची धर्ममाता कोण हे घंटा ठरवते. गावाच्या वर, झाडं संपतात तिथे, सेंट कॅसियनचं एवढंसं चॅपेल आहे. मार्चच्या एकोणीस तारखेला, सेंट जोसेफच्या सणाला, वर्षभरात बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येक पोराच्या धर्ममातेनं स्की घालून तिथवर चढायचं आणि मूल जितक्या महिन्यांचं तितके टोले द्यायचे. तेही बाराच्या आत. खाली चर्चमध्ये बाराचे ठोके पडले की तिचा हक्क गेला. मग वर जी बाई हजर असेल तिनं दोर ओढावा. आणि एकदा का तिनं ओढला, की चर्चच्या वहीत नाव कुणाचंही असो, ते पोर ईस्टरची रंगवलेली अंडी मागायला तिच्याच दारात जातं. आयुष्यभर.

दोन वर्षांपूर्वी गुंडुलाचं असंच झालं होतं. गुंडुला म्हणजे गावच्या डेअरीत चीज करणारी, सत्तावन्न वर्षांची, आवाज खणखणीत, दंड असे की चीजची भलीमोठी चाकं एकटी उलटवते. स्वतःचं मूल नाही. शेजारच्या तान्ह्या रोझिनाची धर्ममाता व्हायचं ठरलं तेव्हा बाई महिनाभर हवेत होती. आणि सणाच्या दिवशी अर्ध्या वाटेवरच्या गवताच्या कोठारापाशी बसली ती बसलीच. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या, मोज्यांत रक्त. वर गावातलीच इर्मगार्ड होती, तिनं टोले दिले. त्या ईस्टरला गुंडुलानं कांद्याच्या सालीत दोन डझन अंडी रंगवून ठेवली होती. रोझिनाची आई पोरीला कडेवर घेऊन दारावरून सरळ पुढे गेली, इर्मगार्डकडे. गुंडुला आणि तिचा नवरा हार्टविग पुढे आठवडाभर अंडीच खात होते. सकाळी अंडी, संध्याकाळी अंडी. गुंडुला एक अक्षर बोलली नाही, आणि गुंडुला बोलत नाही म्हणजे काय ते हार्टविगलाच ठाऊक.

आता ऑक्टोबरात तिच्या भाचीला, झिटाला, मुलगा झाला. सेवेरिन. झिटानं बाळंतपणाच्या खाटेवरूनच सांगून टाकलं, "धर्ममाता माझी मावशी. दुसरं कुणी नाही." गुंडुला खिडकीकडे तोंड करून रडली आणि वर म्हणाली की खोलीत कांदा कुणी चिरलाय.

पण ही इर्मगार्ड पडली झिटाची नणंद. पन्नाशीची, काटक, रोज सकाळी कामाआधी डोंगर चढून येणारी. फेब्रुवारीत ती डेअरीत लोणी घ्यायला आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "गुंडुला, मी काय म्हणते, या वेळी तू खालीच थांब. वय झालं गं आपलं. मी वर असेनच, देईन पाच टोले."

"आपलं कशाला म्हणतेस? सरळ माझं म्हण ना!"

"चिडतेस काय? तुझ्या पायांची काळजी वाटते म्हणून म्हटलं. लहानपणापासून बघतेय ना तुझे पाय."

झालं! शाळेत गुंडुलाला 'फताडी' म्हणायचे. मोठे पाय, मोठाले बूट, बर्फात उमटलेला ठसा बघून पोरं म्हणायची, अस्वल गेलं वाटतं. पन्नास वर्षं झाली त्याला, पण असल्या गोष्टी बाई विसरते थोडीच. तिनं लोण्याचा गोळा असा आपटला की कागद फाटला. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं बूट न काढताच जाहीर केलं, "मी नवे स्कीचे बूट घेणार."

हार्टविग आनंदानं उठून उभाच राहिला. हा गडी स्कीच्या उतारांवर बर्फ सपाट करायचं मशीन चाळीस वर्षं चालवून निवृत्त झालेला; बूट या विषयावर त्याला कुणी विचारावं याची तो वाटच बघत असायचा. "एकशेतीस घे," तो म्हणाला. "त्याच्या खाली बघूच नकोस. माझे एकशेतीस आहेत." हा आकडा बूट किती कडक त्याचा. आउसरलानचे पुरुष तो वयासारखा विचारतात आणि मिशीसारखा मिरवतात. "आणि मोठे घे. तुझा पाय आधीच... म्हणजे आईचे मोजे बसायला हवेत ना आत."

आईचे मोजे! गुंडुलाची आई अपोलोनिया शहाऐंशी वर्षांची, त्यांच्याच घरात, चुलीशेजारच्या बाकावर. दर हिवाळ्यात लेकीसाठी एक जोड विणायचा हा तिचा नेम. लोकरीचे, बोटभर जाड, आपोआप उभे राहतील असे. या वर्षीच्या जोडीला तिनं लाल काठ घेतला होता, सेवेरिनसाठी. त्या मोज्यांशिवाय गुंडुलानं जन्मात कधी बूट घातला नव्हता. बूट घ्यायला जाताना मोजे आधी पिशवीत, मग बाकीचं सगळं.

खाली बाजारगावात कोर्बिनियानचं दुकान आहे. त्याचा बाप चांभार होता. पोरानं टाके सोडून स्कीच्या बुटांची प्लास्टिकची कवचं हातात घेतली, पण पायाकडे बघायची नजर बापाचीच. दुपारची वेळ होती. "बरं केलंत, दुपारी आलात," तो म्हणाला. "सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभरात फुगतो तेव्हा खरा कळतो. काढा मोजे."

"मोजे घालूनच माप घे," गुंडुला म्हणाली. "याच मोज्यांवर घालायचेत."

"गुंडुलाताई, मला पायाचं माप हवंय, मेंढीचं नको."

हार्टविग खो खो हसला आणि बायकोनं बघितल्यावर एकदम थांबला. गुंडुलानं मोजे काढले. कोर्बिनियाननं तिला धातूच्या मापपट्टीवर उभं केलं, गुडघा जरा वाकवायला लावला, दांडी सरकवली, वाकून बघितलं. मग पुन्हा सरकवली. मग दुसरा पाय. मग तिचे जुने बूट उचलून आतला आकडा वाचला.

"हे कुणाचे बूट?"

"माझे. सोळा वर्षं वापरतेय."

"हे साडेसत्तावीस आहेत. सेंटिमीटर. तुमचा पाय साडेचोवीस."

गुंडुलानं वाकून पट्टीकडे बघितलं.

"तुझी पट्टी बिघडलीय," गुंडुला म्हणाली.

कोर्बिनियाननं जुन्या बुटाच्या आतला मऊ बूट उपसून काढला, नुसत्या कवचात तिचा उघडा पाय ठेवला आणि बोटं पुढे टेकवायला लावली. "आता टाचेच्या मागे हात घाला. स्वतः घाला, माझ्यावर विश्वास नको." तिथे एक बोट, फार तर दोन मावावीत. गुंडुलाची तीन बोटं सहज गेली, वर अंगठाही गेला. "या पोकळीत तुमची टाच दर पावलाला वर-खाली होते," तो म्हणाला. "चढताना तीन हजार वेळा. सोलून नाही निघणार तर काय होणार? तुम्ही थकल्या नव्हता, ताई. तुम्ही किसल्या जात होता."

"पण माझे पाय मोठे आहेत," ती म्हणाली. हे ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की हार्टविगनं चमकून बघितलं. "सगळ्या गावाला माहीत आहे."

"रुंद आहेत पुढे थोडे. मोठे? माझ्या बायकोचे यापेक्षा मोठे आहेत, पण हे तिच्यासमोर बोलू नका."

त्यानं साडेचोवीसची एक जोडी आणली आणि एक पातळ, घोट्यावर ताणून बसणारा मोजा दिला. रुमालासारखा पातळ! गुंडुलानं पाय आत घातला आणि किंचाळली. "अरे, तुरुंग आहे हा! बोटं टेकतायत!"

"टेकू देत. आता गुडघे पुढे वाका."

वाकल्यावर टाच मागे सरली आणि बोटं सुटली. ती पुन्हा उभी राहिली, टेकली, वाकली, सुटली. असं तिनं सात-आठ वेळा केलं, पहिल्यांदा रागानं, मग नवल वाटून.

"पण एकशेतीस आहे का?" हार्टविगनं मधे तोंड घातलं.

कोर्बिनियाननं एकशेतीसची जोडी आणून तिच्या पायात चढवली. "नडगीनं पुढे दाबा." तिनं दाबलं. सगळं अंग पुढे टाकलं. बूट ढिम्म. भिंतीला टेकून उभं राहावं तसं. मग पुन्हा आधीची शंभराची जोडी. दाबल्यावर ती हळूच वाकली, आणि सोडल्यावर तिनं नडगीला हळूच मागे ढकललं. "हा तुमच्याशी बोलतो," कोर्बिनियान म्हणाला. "तो दुसरा नुसता हुकूम करतो. शिवाय या आकड्याला काही बाप नाही, एका कारखान्याचा शंभर म्हणजे दुसऱ्याचा एकशेवीस. आकडा नाही, घोटा बघायचा. आणि मागची ही कळ वर केली की चढताना वरचा भाग मोकळा, बघा, चालून बघा."

ती दुकानभर चालली. एकदा, दोनदा, मग जिना चढून उतरली. तोवर कोर्बिनियाननं हार्टविगलाही पट्टीवर उभं केलं होतं. त्याचे मिरवायचे बूट दोन मापांनी मोठे निघाले. "आणि घोटा तर वाकतच नाही तुमचा. एकशेतीसमध्ये तुम्ही उतरताना मागे बसत असणार, खुर्चीत बसल्यासारखे."

"चाळीस वर्षं मशीनवर बसूनच होतो," हार्टविग पडेल चेहऱ्यानं म्हणाला. "सवय आहे." आता खो खो हसायची पाळी गुंडुलाची होती, आणि तिनं ती सोडली नाही.

शेवटी आतले मऊ बूट भट्टीत गरम झाले. बोटांपुढे जागा राखायला मऊ टोपी, वर पातळ मोजा, मग तो ऊन ऊन बूट, कड्या आवळलेल्या. दहा मिनिटं हलायचं नाही. हार्टविग घड्याळ धरून उभा. ऊब हळूहळू टाचेभोवती बसत गेली, घोट्याच्या दोन्ही हाडांना शोधत गेली, आणि एका क्षणी गुंडुलाला वाटलं की कुणीतरी आपली टाच तळहातात धरली आहे. सत्तावन्न वर्षांत कुठल्या बुटानं तिला असं धरलं नव्हतं. तिनं डोळे भराभर मिचकावले. "हालू नको," हार्टविग म्हणाला. "मी हलतेय का? डोळे हलतायत," ती म्हणाली.

दोन वेळा ती टेकडीवर जाऊन आली. उजव्या करंगळीपाशी बोचायचं. कोर्बिनियाननं तिथे कवच तापवून वाटाण्याएवढा फुगा काढून दिला आणि बोचणं संपलं. राहता राहिली आई. लाल काठाचे मोजे पूर्ण झाले होते. "सणाला हेच घाल हं," म्हातारी म्हणाली, आणि गुंडुला, जी डेअरीच्या अध्यक्षाला तोंडावर गाढव म्हणते, ती नुसती "हो आई" म्हणाली. सणाच्या सकाळी तिनं पातळ मोजे घातले आणि लाल काठाचे चोरासारखे पिशवीत खुपसले.

थंडी कडक होती, आकाश निळंशार. स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारे चढाईचे पट्टे चिकटवून आठ-दहा जण निघाले. इर्मगार्ड सगळ्यांच्या पुढे. गुंडुला आपल्या चालीनं, एक पाय, दुसरा पाय, सरकवत. टाच बुटात घट्ट, बूट मागून स्कीवर मोकळा. झाडीतून वर येताना तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

गवताच्या कोठारापाशी मात्र तिची चाल मंदावली. हीच ती जागा. आणि टाचा दुखत नव्हत्या. अजिबात नाही. इथवर येऊन टाच दुखत नाही हे तिनं आयुष्यात अनुभवलंच नव्हतं, त्यामुळे तिला वेगळीच शंका आली: बधिर झाल्या! नक्की बधिर झाल्या, आत रक्ताचा चिखल झाला असणार. ती मटकन बसली, हातमोजे काढून बाजूला टाकले, कड्या उघडल्या, बूट उपसला, मोजा ओढला. टाच पांढरी, कोरडी, बाळाच्या गालासारखी. दुसरी बघितली. तीही तशीच. गुंडुला त्या बर्फात उघड्या पायांनी बसून मोठमोठ्यानं हसली.

हसणं बरं होतं, पण थंडीत प्लास्टिक आक्रसून दगड झालं होतं. काढलेला बूट परत पायात जाईना. ती ओढतेय, ठोकतेय, बुटाला शिव्या देतेय, आणि बाकीचे केव्हाच वर दिसेनासे झालेले. असं करता करता वीस मिनिटं गेली. शेवटी पाय आत गेला तेव्हा घड्याळात अकराला पाच कमी होते आणि निम्मा चढ बाकी होता. "गुंडुले, गाढव तू," ती स्वतःलाच म्हणाली आणि सुटली. आता गुणगुणणं नाही, नुसता श्वास. पण पाय ऐकत होते. जेवढं मागेल तेवढं देत होते. हातमोजे कोठारापाशीच राहिलेत हे तिला चॅपेल दिसू लागल्यावर कळलं. काठ्या धरून बोटं लाकडाची झाली होती.

वर इर्मगार्ड घंटेखाली उभी होती, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत; शेजारी पाद्री, चहाचा पेला धरून. बाराला चार मिनिटं कमी. गुंडुला शेवटच्या वळणावरून आली तशी इर्मगार्ड ओरडली, "अगं, कुठे मेली होतीस? ओढ लवकर!"

दोरावर बोटभर बर्फ चढला होता. गुंडुलाच्या उघड्या हातांतून तो सटकन निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. इर्मगार्डचे हात मोकळे होते, तिच्या हातांत चांगले हातमोजे होते, आणि आणखी तीन मिनिटं ती नुसती गप्प राहिली असती तरी पुरलं असतं. तिनं काठी उचलली आणि दोरावरचा बर्फ ठोकून काढायला लागली. "बघतेस काय? हातात घाल काहीतरी!"

गुंडुलानं पिशवी उपडी केली. लाल काठाचे मोजे बाहेर पडले. तिनं ते दोन्ही हातांत कोपरापर्यंत ओढले, दोर धरला, आणि त्या खरखरीत जाड लोकरीनं दोर असा पकडला की सोडता सुटेना. एक. आवाज खाली दरीत गेला आणि समोरच्या डोंगरावरून परत आला. दोन. तीन. चार. पाच. मग ती थांबली, श्वास घेतला आणि एक जास्तीचा दिला. त्याचा आवाज विरतो न विरतो तोच खालून बाराचे ठोके आले.

"तू का नाही ओढलास?" गुंडुलानं विचारलं.

"एकीची अंडी रंगवताना जीव जातो माझा," इर्मगार्ड म्हणाली. "आणखी एक कुठे?" मग तिचं लक्ष गुंडुलाच्या पायांकडे गेलं. "काय गं, पाय केव्हा लहान केलेस?"

"लहानच होते!" गुंडुला म्हणाली, आणि त्या दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की घंटेखालचा पाद्री चहा सांडून बसला.

उतरताना तर तिनं कहर केला. कळ खाली, कड्या आवळल्या, गुडघे पुढे, आणि बूट तिच्याबरोबर वाकत, वळत खाली. कोठारापाशी क्षणभर थांबून हातमोजे उचलले आणि जाता जाता कोठाराला एक मुका दिला.

घरी सगळे स्वयंपाकघरात होते. झिटा, हार्टविग, आणि बाकावर अपोलोनिया, मांडीवर सेवेरिन. म्हातारीनं लेकीचे ओठ, गाल, काही बघितलं नाही. तिनं हात बघितले. लाल काठाचे मोजे ओले, बर्फानं गोठलेले, हातांत.

"पायात काय घातलंस मग?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गुंडुलानं सगळं सांगून टाकलं. साडेचोवीस, तीन बोटं, पातळ मोजा. "आई, रागावू नकोस. तुझे मोजे बसावेत म्हणून मी बूट मोठे घेत राहिले. म्हणून टाचा..."

म्हातारीनं पोराला झिटाकडे दिलं. तिचा चेहरा असा झाला की हार्टविगला वाटलं, आता रडणार. "काय म्हणालीस? माझे मोजे बसावेत म्हणून?"

"हो ना."

"अगं वेडे!" अपोलोनिया म्हणाली. "तू नऊ वर्षांची होतीस. घरात बुटांची एकच जोडी, तुझ्या बापाची. त्यात गवत भरलं, ते सांडायचं. म्हणून मी जाड मोजे विणले, बूट भरून काढायला! म्हटलं, पुढच्या वर्षी पोरीला तिच्या मापाचे घेऊ, मग पातळ विणीन. पुढच्या वर्षी तू या मोज्यांवर मापून मोठेच घेऊन आलीस. मला वाटलं, पाय वाढले. मी मोजे आणखी मोठे, आणखी जाड विणले. पोरं तुला फताडी म्हणायची ना, मी ऐकायची, आणि मनात म्हणायची, बापावर गेली पोर." तिनं आपली वाकडी बोटं पुढे केली. "अठ्ठेचाळीस वर्षं विणतेय. ही लोकर सुईवर ओढून ओढून बोटं गेली माझी!"

झिटा तोंडावर हात धरून हसत होती, हार्टविग टेबलावर डोकं ठेवून. गुंडुला हसतही होती आणि डोळेही पुसत होती, त्याच ओल्या मोज्यांनी.

"इकडे दे पाय," म्हातारी म्हणाली.

गुंडुला बाकावर बसली आणि पाय आईच्या मांडीवर ठेवला. अपोलोनियानं पातळ मोजा काढला, टाच तळहातात धरली, अंगठ्यानं चवड्याची रुंदी चाचपली, करंगळीशी थांबली. मग तिनं स्वतःची सपात उतरवली आणि आपला पाय लेकीच्या पायाला टाचेशी टाच लावून ठेवला. एक सुरकुतलेला, एक चढून लाल झालेला. पुढे दोन्ही तेवढेच रुंद. लांबीला दोन्ही सारखे.

"बापावर कुठली," ती म्हणाली. "माझाच पाय आहे हा."

म्हातारीनं डोळे टिपले आणि आवाज चढवला. "आणि पाच महिन्यांचं पोर, सहा टोले कसे दिलेस? मोजता येत नाही?"

"सहावा तुझ्या मोज्यांचा होता, आई."

"बरं," अपोलोनिया म्हणाली, आणि टोपलीतून उरलेली लाल लोकर काढली. "झिटा, पोराचा पाय दे इकडे. आधी माप घेते, मग विणते."